रोजच्या आठवणी लिहायला बसताय? आधी हे वाचा

निवृत्त झाल्यावर, मुलं परदेशी गेल्यावर किंवा वडिलांचं जुनं कपाट आवरताना गोव्यातल्या बऱ्याच जणांना एकच हुक्की येते. आपलं घर, वाडा, शाळासोबती, कुणी तरी गाजावाजा न करता केलेलं एखादं चांगलं काम, हे सगळं लिहून ठेवायला हवं! मग वही आणली जाते, पहिल्या पानावर श्री काढला जातो, ‘माझा जन्म अमुक गावी एका मध्यमवर्गीय कुटुंबात झाला’ एवढं उतरतं आणि वही परत कपाटात जाते.

हा लेख त्या वहीवाल्यांसाठी. मी फोंडा तालुक्यातली. शाळेत मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं. आमच्या वाड्यावरच्या आठवणींची एक छोटी पुस्तिका मी काढली, काही लेख रविवार पुरवण्यांत आले, आणि तेव्हापासून ओळखीची माणसं आपापल्या वह्या घेऊन घरी येतात. सगळे अडतात त्याच त्या ठिकाणी. त्यांना वाटतं आपली भाषा कच्ची आहे. भाषा पुरेशी असते. साल आठवत नाही आणि ज्यांच्याबद्दल लिहायचं ती माणसं शेजारीच राहतात, ही खरी अडचण. त्यात गोवा एवढासा, की नाव बदललं तरी कोण ते पेडण्यापासून काणकोणपर्यंत कळतं.

हाताशी काय हवं

- एक जाड वही. सुटे कागद नकोत, पावसाळ्यात ते कुठे जातात देव जाणे.
- आवाज रेकॉर्ड होणारा फोन. महागडा माईक लागत नाही.
- फोनवर किंवा संगणकावर युनिकोड मराठी कळफलक.
- घरातले कागद: शाळा सोडल्याचा दाखला, पोर्तुगीजकालीन जन्मनोंदीची प्रत, लग्नपत्रिका, जुनी पत्रं, उत्सवी नाटकांची हस्तपत्रकं, मनीऑर्डरच्या पावत्या. रद्दी म्हणून काही टाकू नका.
- फोटोंचे अल्बम.
- परवानगीचा कागद. त्याचा मसुदा पुढे दिलाय.

## १. विषय लहान करा

‘माझं बालपण’ हा विषय नव्हे. ‘आमच्याकडे माटोळी कोण बांधायचं’ हा विषय. (माटोळी म्हणजे चवथीला, गणेश चतुर्थीला, गणपतीवर टांगायची रानफळांची चौकट.) ‘आमची मैत्री’ म्हणजे काहीच नाही. शाळेतून परतताना पाच जणींत एक छत्री असायची आणि ती कोणाच्या हातात असावी यावरून रोज भांडण व्हायचं, हे काहीतरी आहे.

माझ्याकडे येणाऱ्या वह्यांत साधारण असा परिच्छेद असतो:

‘चवथीला घरात आनंदाचं वातावरण असे. सगळे नातेवाईक एकत्र जमत. ते सोनेरी दिवस आता राहिले नाहीत.’

हे कुणीही कुणाबद्दलही लिहिलं असतं. तोच परिच्छेद असा करता येतो:

‘माटोळी बांधायचं काम दादाकाकाचं. चौकटीला तो केवणीच्या सालीच्या दोरीने एकेक वस्तू बांधी. आधी नारळांची पेंड, मग सुपाऱ्यांचा घोस, तोरिंगं, कवंडळं, आंबाडे आणि सगळ्यांत शेवटी कांगलां. कांगलांच्या डहाळ्या आणायला आम्हा मुलांना रानात पिटाळत. चुरगळलेली डहाळी आणली की तो काही बोलत नसे, फक्त बाजूला ठेवी. ती बाजूला ठेवलेली डहाळी कोणाची हे सगळ्यांना माहीत असे.’

दुसऱ्यात ‘आनंद’ शब्द नाही. काकाचा स्वभाव सांगितलेला नाही. पण काका दिसतो. वस्तूची खरी नावं लिहा. ‘विविध रानफळं’ असं लिहिलंत की लेख तिथेच गार झाला. मुंबईतल्या वाचकाला कांगलां कळणार नाहीत अशी चिंता करू नका, तो विचारेल कुणाला तरी.

सुरुवातीला विषयांची यादी करा. पदेराच्या सायकलीचा भोंपू आणि पाव घ्यायला धावणारी मुलं, पावसाआधीची पुरुमेताची खरेदी, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार, देवळातल्या नाटकाची तालीम, नदीपलीकडे जाताना चुकलेली शेवटची फेरीबोट. एकेका विषयावर एकच पान.

एक सापळा इथेच सांगते. ‘आताची पिढी’ हे दोन शब्द लेखात आले की खोडा. त्यापुढे जे येतं ते आठवण नसतं, तक्रार असते.

## २. आठवणीला साल लावा

‘मी लहान असताना’ हे तुम्हाला कळतं, नातवाला नाही. साल आठवत नाही म्हणून माणसं एक तर अंदाजपंचे लिहितात किंवा सालच टाळतात. दोन्हीची गरज नाही. गोव्यात प्रत्येकाच्या डोक्यात काही खुंट्या ठोकलेल्या असतात. त्यांना आठवण टांगून बघायची:

- १८-१९ डिसेंबर १९६१, गोवामुक्ती
- १६ जानेवारी १९६७, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का यावरचा जनमत कौल
- १२ ऑगस्ट १९७३, गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर गेले तो दिवस
- नोव्हेंबर १९८३, राष्ट्रकुल प्रमुखांची गोव्यातली बैठक; ‘चोगम’ म्हटलं की सगळ्यांना रस्ते आठवतात
- ५ जुलै १९८६, मांडवीवरचा पूल कोसळला
- ३० मे १९८७, गोवा घटक राज्य झाला
- जानेवारी १९९८, कोकण रेल्वे सगळ्या मार्गावर सुरू

‘कितव्या वर्षी लग्न झालं?’ असं विचारलं तर आत्या गोंधळते. ‘पूल पडलो तेन्ना तूं सासरीं आशिल्ली?’ असं विचारा. लगेच उत्तर येतं, आणि उत्तराबरोबर फेरीबोटीच्या रांगेची, भिजलेल्या साडीची आणि चुकलेल्या बारशाची गोष्टही येते. पूल पडला तो दिवस कुणीही विसरलेलं नाही.

त्याहून जुन्या काळासाठी पैशावरून विचारा. पगार रुपियात मिळायचा की एस्कुदात? एस्कुद पोर्तुगीज राजवटीच्या अगदी शेवटच्या काही वर्षांतला. तेवढ्याने काळ बराच आवळला जातो. शाळेवरूनही कळतं. ‘सेगुंद ग्राव’ (पोर्तुगीज प्राथमिक शाळेतली परीक्षा) झालेला माणूस आणि ‘सातवी’ झालेला माणूस वेगवेगळ्या राजवटीत शिकलेले असतात. बसचंही तसंच: कदंब महामंडळ १९८० सालचं. त्याआधीच्या गोष्टीत तुम्ही ‘कदंबाने पणजीला गेलो’ लिहिलंत, तर कुणीतरी बोट ठेवणारच.

खुंट्यांनी भागलं नाही की कागदांकडे वळा. पणजीत पाटोवर कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १८३२ सालापासूनचं हे ग्रंथालय. जुनी वर्तमानपत्रं बघायची असतील तर तिथेच जायचं. काउंटरवर जाताना नुसतं ‘जुने पेपर दाखवा’ म्हणू नका, कोणतं दैनिक, कोणता महिना हे चिठ्ठीवर लिहून न्या. जत्रा तिथीवर असतात, म्हणून ‘त्या वर्षीच्या जत्रेला’ एवढंच आठवत असेल तर त्या सालचं पंचांग किंवा त्या आठवड्याचं वर्तमानपत्र बघून तारीख काढता येते.

पोर्तुगीज काळातले जन्म-मृत्यू-विवाहांचे कागद पोर्तुगीज भाषेत असतात आणि नावांची स्पेलिंगं चक्रावून टाकतात. ‘श’साठी तिथे एक्स हे अक्षर येतं, त्यामुळे शंकर, शांताराम ही नावं ‘एस’खाली शोधलीत तर सापडणार नाहीत. असा कागद हाती आला तर पोर्तुगीज येणाऱ्या एखाद्या वयस्क माणसाला दाखवा. अजून आहेत तशी माणसं, पण घाई करा.

जागेवर जाऊन या. बसून आठवत नाही ते उभं राहिल्यावर आठवतं. सांग्यातल्या कुर्डी गावच्या लोकांचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. साळावली धरणात गाव बुडालं, पण उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुने रहिवासी तिथे जातात. घरांचे नुसते चौथरे उरलेत, तरी लोक ‘इथे आमची न्हाणी, इथे तुळस’ असं बोट दाखवून सांगतात. तुमचं घर अजून उभं असेल तर तुमचं काम कितीतरी सोपं.

## ३. म्हाताऱ्या माणसांना बोलतं करा

वेळ महत्त्वाची. दुपारी जेवण होऊन वामकुक्षी झाली की चहाच्या आधीची वेळ सगळ्यांत चांगली. संध्याकाळी मालिका असतात. त्यांच्याशी स्पर्धा करू नये.

फोन एअरप्लेन मोडवर टाका, खाली दुपटं किंवा रुमाल घालून मध्ये ठेवा. छतावरचा पंखा थोडा वेळ बंद. माणसाला तो जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये मात्र तोच ऐकू येतो. रेकॉर्ड करतेय हे आधी सांगा. चोरून रेकॉर्ड करणारे मी पाहिलेत. नंतर कळल्यावर ते घर कायमचं बंद होतं.

प्रश्न वस्तूंबद्दल विचारा, मतांबद्दल नाही. ‘तेव्हाचं जीवन कसं होतं?’ याला उत्तर एकच, ‘बरें आशिल्लें, बाय.’ त्याऐवजी विचारा: रांदपाच्या कुडीत चूल कोणत्या बाजूला होती? पेज कशात वाढायचे? आजारी माणसाला डॉक्टरकडे कसं न्यायचे, खांद्यावरून की माचल्यातून (डोलीतून)? पैसे कुणाच्या कमरेला असायचे? हा शेवटचा प्रश्न बायकांना एकट्यांतच विचारा.

अल्बम समोर ठेवला की काम पटापट होतं. प्रत्येक फोटोतल्या माणसांची नावं डावीकडून उजवीकडे वहीत लिहा आणि फोटोच्या मागे अगदी हलक्या हाताने मऊ शिसपेन्सिलीने क्रमांक घाला. बॉलपेनची शाई दाबाने पुढे उमटते. मागे उभी असलेली, नाव कुणालाच न आठवणारी एक व्यक्ती प्रत्येक फोटोत असते. तिच्यापुढे ‘माहीत नाही’ असंच लिहा, पुढचा कुणीतरी सांगेल.

माणूस गप्प झाला तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. रडायला लागला तर फोन बंद करा. ते रेकॉर्डिंग तुमचं नाही.

हे बोलणं कोकणीत होणार, आणि लिहिणार तुम्ही मराठीत. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललंय. माझा सल्ला साधा आहे: निवेदन मराठीत ठेवा, संवाद जसे कानावर पडले तसे कोकणीत. आजी तुम्हाला ‘पेज जेवलो रे तूं?’ असं विचारायची. तिच्या तोंडी ‘तू पेज खाल्लीस का?’ घातलंत तर ती आजी दुसऱ्याच कुणाची तरी होते.

## ४. मित्रांबद्दल लिहिताना आधी विचारा

इथे थोडं थांबते, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप इथे होतो.

नवलेखकाला वाटतं, प्रेमाने लिहिलंय म्हणजे समोरच्याला आवडणारच. तसं नसतं. तुम्हाला गंमत वाटलेली गोष्ट त्याला पन्नास वर्षं बोचत असते. वर्गमित्राने शाळेत फी नसल्याने महिनाभर बाहेर बसून शिकल्याची आठवण तुम्ही कौतुकाने लिहिता. त्याच्या सुनेला ते पहिल्यांदाच कळतं. एका गृहस्थांनी मित्राचं नाव बदललं, गाव बदललं, पण ‘डाव्या हाताने तबला वाजवणारा’ एवढं ठेवलं. गोव्यात असे किती असतील? सकाळी पुरवणी आली, दुपारपर्यंत फोन.

म्हणून नियम: ज्याच्याबद्दल चार ओळींपेक्षा जास्त लिहिलंय त्याला मजकूर छापण्याआधी वाचून दाखवायचा. फोनवर नको, समोर बसून. आणि हा कागद न्यायचा:

‘श्री./श्रीमती …… यांनी माझ्याविषयी लिहिलेला “……” हा मजकूर मी वाचला / मला वाचून दाखवला. तो खऱ्या नावासह / नाव न देता, फोटोसह / फोटोशिवाय छापायला माझी हरकत नाही. काढून टाकायचा भाग: …… सही, तारीख.’

मित्राकडून सही घ्यायला संकोच वाटतो, हे मला मान्य. पण ‘काढून टाकायचा भाग’ या रिकाम्या जागेमुळेच माणूस मोकळं बोलतो. बहुतेक वेळा एखादी ओळच जाते. कधी कधी त्या ओळीच्या बदल्यात तो तुम्हाला माहीत नसलेली गोष्ट सांगतो, आणि ती मूळ ओळीपेक्षा चांगली असते.

माणूस हयात नसेल तर घरच्यांना विचारा. कायदाही तेच सुचवतो. बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ क्रमांकाचं आहे. मृत व्यक्तीबद्दलचा मजकूरही त्यात येऊ शकतो, जर ती व्यक्ती जिवंत असती तर तिची अब्रू गेली असती आणि हेतू कुटुंबीयांना दुखवण्याचा असेल तर. ‘पण ते खरं आहे’ एवढ्याने सुटका होत नाही. ते सांगण्यात लोकहित होतं हेही दाखवावं लागतं. तुमच्या शेजाऱ्याच्या मोडलेल्या लग्नात कसलं लोकहित?

आणखी काही खड्डे, खास गोव्यातले.

जमीन. ‘आमच्या भाटात त्यांना राहायला जागा दिली होती’ हे वाक्य तुम्ही आपुलकीने लिहाल. दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा तो मुंडकार; मुंडकार कायदा १९७५चा असला तरी त्याखालचे दावे अजून चालू आहेत, आणि छापलेलं वाक्य कोण कुठे नेऊन दाखवेल सांगता येत नाही. घर कुणाचं, जमीन कुणाची, कूळ कोण, यावर आठवणींच्या लेखात एक अक्षर नको. वाटणी बाकी असलेल्या घराबद्दल तर भावंडांना विचारल्याशिवाय ‘माझं घर’ असंही लिहू नका.

सदुसष्ट आणि सत्त्याऐंशी. जनमत कौलात विलीनीकरणाच्या बाजूचे आणि विरुद्ध बाजूचे, राजभाषेच्या आंदोलनात मराठीवाले आणि कोकणीवाले, दोन्ही तुमच्या एकाच बाकावर होते. लिहू नका असं मी म्हणणार नाही. लिहा, पण आपण काय पाहिलं ते लिहा. भिंतीवर रंगवलेली फुलं आणि दोन पानं (कौलातल्या दोन बाजूंची चिन्हं), मिरवणूक, बंद पडलेलं बोलणं, एका घरात दोन बाजू. कोण बरोबर होतं हे ठरवायला बसलात की तुमचा मित्र लेख तिथेच सोडून देतो.

दारू, उसने पैसे, जुनं प्रेम. यांचं कारण सांगायला नको.

## ५. चांगल्या कामाबद्दल लिहिताना

गावच्या वाचनालयाला पुस्तकं देणारा निवृत्त कारकून, प्रोवेदोरियाच्या (गोव्यातल्या सरकारी साहाय्य संस्थेच्या) वृद्धाश्रमात दर महिन्याला जाऊन केस कापून देणारा न्हावी, रात्रीअपरात्री मयताच्या सामानाची धावपळ करणारा वाड्यावरचा एखादा पोर, अशांवर लिहावं असं सगळ्यांनाच वाटतं. लिहाच. फक्त त्यांना ‘समाजसेवक’, ‘देवदूत’, ‘निःस्वार्थी’ करून टाकू नका. काम कसं चालतं ते दाखवा. न्हावी कात्री कुठल्या पिशवीतून नेतो, बसचं तिकीट कोण काढतं, आधी कुणाचे केस कापायचे यावरून म्हाताऱ्यांत कशी कुरबुर होते.

ज्यांना मदत मिळाली त्यांची नावं आणि चेहरे टाळा. बालगृहातल्या मुलांच्या बाबतीत तर हा प्रश्न आवडीनिवडीचा नाहीच. बाल न्याय कायद्याने त्यांची ओळख छापायला मनाई आहे. वह्यावाटपाच्या फोटोत मुलाच्या हातातली वही दिसली तरी पुरे.

लेखाच्या शेवटी मदतीचं आवाहन करायचं असेल तर तीन गोष्टी तपासा. खातं संस्थेच्या नावाचं हवं, कुणा एकाचं वैयक्तिक नव्हे. देणगीवर ८०जीची आयकर सवलत मिळते असं लिहिणार असाल तर प्रमाणपत्र डोळ्यांनी बघा आणि त्याची मुदत वाचा. आणि आवाहनावर तारीख घाला. रक्ताची तातडीची गरज असल्याचे संदेश वर्षानुवर्षं फिरत राहतात, ज्यात ना तारीख असते, ना रुग्णालयाचं नाव. गरज भागली की ‘गरज संपली’ हा संदेशही तुम्हीच पाठवायचा.

रक्तदानावर लिहिणाऱ्यांसाठी नेमकी माहिती: दाता १८ ते ६५ वयाचा, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५. दोन रक्तदानांत पुरुषांना ९० दिवसांचं, स्त्रियांना १२० दिवसांचं अंतर लागतं. गोव्यात बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयात) रक्तपेढी आहे. ‘दर महिन्याला रक्त देतो’ असं कौतुकाने लिहिलेलं मी वाचलंय. लिहिणाऱ्याने मोजलं नव्हतं.

## ६. मराठीत टाइप करणं

हे लोकांना वाटतं तेवढं कठीण नाही, म्हणून थोडक्यात. फोनच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा घाला. बोलून टाइप करता येतं. कच्च्या खर्ड्यासाठी ते उत्तम. पण ‘फोंडा’चं ‘फंडा’ आणि ‘पेडणे’चं ‘पेढणे’ होऊ शकतं, तेव्हा गावांची आणि माणसांची नावं हाताने तपासा.

‘वाऱ्यावर’, ‘किनाऱ्यावर’ हे शब्द नीट बघा. साधा र घेतला तर ‘किनार्यावर’ होतं. कळफलकावर नुक्ता असलेला ऱ वेगळा असतो. तो, मग पायमोडका, मग य. किनाऱ्यावर राहणाऱ्या माणसाला एवढं यायलाच हवं!

छापखान्यात अजून जुने, युनिकोड नसलेले फॉन्ट वापरतात. मजकूर तिकडे नेताना रफार उड्या मारतात, ॲ गायब होतो. म्हणून मुद्रित तपासताना आधी रफार असलेले शब्द बघा, अर्थ नंतर.

फाईलला ‘नवीन’, ‘नवीन२’, ‘शेवटची’, ‘खरी शेवटची’ अशी नावं देऊ नका. आधी तारीख, मग विषय. एक प्रत फोनवर, एक पेनड्राइव्हवर, एक दुसऱ्या घरी राहणाऱ्या कुणाकडे तरी.

## ७. फोटो

आपल्या दमट हवेत अल्बम म्हणजे बुरशीचं माहेर. पावसाळ्यात ते उघडून बसू नका. नोव्हेंबर ते मार्चमध्ये काढा. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो निघत नसेल तर ओढू नका, पानासकट स्कॅन करा. ३०० डीपीआय पुरतं. पासपोर्ट आकाराचा किंवा मोठा करून छापायचा असेल तर ६००. स्कॅनर नसेल तर खिडकीजवळच्या सावलीत, फ्लॅश बंद ठेवून, फोन अगदी समांतर धरून फोटो काढा.

स्टुडिओत पैसे देऊन काढून घेतलेल्या घरगुती फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, सहसा काढून घेणाऱ्याकडे असतो. वर्तमानपत्रातलं कात्रण मात्र तसंच उचलून छापू नका. गाणी-कवितांचंही तेच: कवी जाऊन ६० वर्षं होईपर्यंत हक्क वारसांकडे. एखादी ओळ आठवणीत आलीच तर ती कुठे ऐकली ते लिहा, आख्खी कविता नको.

## ८. कापा

पहिला परिच्छेद काढून बघा. दहांतल्या आठ लेखांना काही होत नाही, उलट दम येतो. मग मोठ्याने वाचा. जिथे श्वास अडकतो तिथे वाक्य तोडा. ज्याला गोष्ट माहीत नाही अशा एकाला ऐकवा. भाची, भाडेकरू, कुणीही. तो कुठे फोनकडे बघतो त्या जागेवर खूण करा.

## ९. छापायचं कुठे

पुरवणीला पाठवणार असाल तर आठशे ते हजार शब्दांत आवरा. युनिकोड फाईल आणि सोबत पीडीएफ, म्हणजे जोडाक्षरं कशी हवीत ते त्यांना दिसतं. एका वेळी एकाच वर्तमानपत्राला पाठवा. गोव्यात दोन पुरवण्यांत एकाच रविवारी तोच लेख आला की दोन्ही संपादकांना सोमवारी कळतं. चवथीवरचा लेख चवथीच्या आदल्या आठवड्यात पाठवून उपयोग नसतो, महिनाभर आधी पाठवा. दिवाळी अंकांचं काम तर पावसाळ्यातच सुरू होतं.

पुस्तिका काढायची असेल तर आधी पानं मोजा. छपाई १६ पानांच्या फॉर्मात होते, त्यामुळे ४८ किंवा ६४ पानं बसतात. ५० पानं केलीत तर दोन पानांसाठी पैसे जातील. डेमी आकार, आत ७० जीएसएमचा मॅप्लिथो कागद, मधोमध पिना. एवढ्या पुस्तिकेला हे पुरतं. फोटो सगळीकडे विखुरण्यापेक्षा मधल्या एका फॉर्मात आर्ट पेपरवर घेतले तर स्वस्त पडतं. दोन-तीन छापखान्यांकडून लेखी दर घ्या आणि त्यात मुद्रितशोधन धरलंय का ते विचारा. ‘आम्ही पुस्तक काढतो, पुरस्काराला पाठवतो, प्रकाशन सोहळाही करतो’ असं पॅकेज कुणी सांगितलं तर चहा पिऊन उठा. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्याचे पैसे मागणाऱ्याला हे ऐकवा.

किती प्रती? घरं मोजा, त्यात थोड्या वाढवा. एक प्रत मध्यवर्ती ग्रंथालयाला, एक तालुक्याच्या ग्रंथालयाला, एक तुमच्या शाळेला. ज्यांची परवानगी घेतली होती त्यांना प्रत विकत घ्यायला लावू नका.

पुस्तिका वाटल्यावर पहिले काही दिवस फोन येत राहतात. ‘आमच्या पपाचें नांव कित्याक ना?’, ‘ती सायकल हिरवी नव्हती, काळी’, ‘तो नाटकात राजा नव्हता, विदूषक होता.’ वाद घालू नका. फोनशेजारी वही ठेवा, नाव आणि तारीख घालून सगळं लिहून घ्या. खरी चूक असेल तर शुद्धिपत्राची चिठ्ठी छापून उरलेल्या प्रतींत घाला. बाकीच्यांना घरी बोलवा, पंखा बंद करा आणि विचारा, ‘बरें, ती सायकल कोणाची आशिल्ली?’